कप्तानाच्या डोळ्यावरची झापड

सोमवारी सकाळी कुरुंदा गावच्या हळदीच्या रानात बायकांची टोळी उतरली की पहिला प्रश्न ठरलेला.

"मग? जिता हाय का मेला?"

"कोण?" चंद्रभागाबाई मुद्दाम विचारायची.

"कोण म्हंजे! तुझा कप्तान!"

चंद्रभागाबाई लगेच तोंड उघडत नसे. आधी पदर खोचायचा. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढं लांब करायचा. मग तंबाखूची चिमूट दाढेखाली. तोवर सगळ्यांची खुरपी थांबलेली आणि टोळीची म्होरकी नर्मदाबाई वैतागलेली.

"चंद्रे, बोल गं बाई! मालक रानाच्या धुऱ्यावर उभा हाय."

"बोलते. पर काल जे मी बघितलं, ते सांगावं का न सांगावं, त्याचाच इचार करून राहिले."

झालं. एवढ्यावर सगळ्या बायका एक पाऊल जवळ सरकायच्या.

खुरपणीत प्रत्येकीला एक पट्टा वाटून मिळतो, त्याला पात म्हणतात. सगळ्यांनी एका ओळीत बसून आपापली पात तणमुक्त करत पुढं सरकायचं. जी मागं राहील तिला बोलणी, आणि रोज मागं राहील तिला पुढच्या हंगामात टोळीत जागा नाही. चंद्रभागाबाईला उकिडवं बसताच येत नसे. माहेरी मेंढरं होती. लहानपणी कळपाबरोबर पार तेलंगणाच्या हद्दीपर्यंत चालत गेलेली बाई, पण एका मेंढ्यानं मारलेली धडक गुडघ्यात कायमची बसली. तरीही तिची पात कधी मागं पडली नाही. कारण ती गोष्ट सांगायची, आणि सांगताना तिचे हात मोकळे लागायचे. खुरपं हातात असलं तरी ते कधी आकाशयान व्हायचं, कधी कप्तानाची बंदूक. मग तिच्या पातीची डावी बाजू मिराबाई साफ करायची, उजवी बाजू ज्या बाईला उजवीकडं जागा मिळाली ती. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण उजवीकडच्या जागेसाठी सकाळी बायकांत ढकलाढकली चालायची.

"गोष्ट हाय तवर चंद्री हाय," असं नर्मदाबाई एकदा हसत म्हणाली होती. सगळ्या हसल्या. चंद्रभागाबाई हसली नव्हती.

गोष्ट टीव्हीतली. परदेशातली मालिका, हिंदीत बोलणारी, दर रविवारी सकाळी लागायची. गावात टीव्ही मोजकेच. चंद्रभागाबाई गुरुजींच्या घरी उंबऱ्यात बसून बघायची. त्यांच्या बायकोला ज्वारी निवडून द्यायची आणि डोळे पडद्यावर. पडदा काळा-पांढरा, वारा सुटला की मुंग्याच मुंग्या. पण हिंदी तिला बरोबर कळायची. कळपाबरोबर फिरताना बाजाराबाजारातली दखनी हिंदी कानावर पडलेली. टोळीतल्या बाकीच्या बायकांना ती कळत नव्हती, आणि रविवारी धुणं, बाजार, सारवण सोडून तासभर कुणाच्या उंबऱ्यात बसायची सोयही नव्हती.

कप्तान आभाळात वाट चुकलेला. त्याला घरी जायचं आहे, आणि धुराची राणी त्याला जाऊ देत नाही. एवढीच गोष्ट. बाकीचं सगळं चंद्रभागाबाई घालायची. मालिकेत कप्तानाला आई नव्हती, तिनं दिली. ती आई रोज भाकर थापून उंबऱ्यात बसायची, भाकर गार व्हायची, ती भाकर आई गाईला घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थापायची. यान कसं असतं? "आगगाडी, पर रूळ न्हाईत. आन टेशनच न्हाई, तर उतरावं कुठं?" यावर मिराबाई हटकून डोळे पुसायची. तिचा नवरा संतराम हैदराबादकडं ट्रकवर होता. दिवाळीला येतो म्हणून गेला, त्यानंतर एक दिवाळी येऊन गेली होती.

तिची सगळ्यांत मोठी सोमवारची सकाळ त्या वर्षी गहू काढताना आली.

"कप्तान घरी पोचला," तिनं सुरुवात केली. बायकांचे विळे थांबले. "यान उतरलं. समोर गव्हाचं रान, असंच. उंबऱ्यात आई. त्यानं हात धुतले, पाटावर बसला. आईनं ताट वाढलं. पहिला घास मोडला..."

"बरं झालं बाई!" मिराबाई हुंदका देत म्हणाली. "आला एकदाचा!"

"...आन घासाला चवच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे, त्यो घरी न्हवताच." चंद्रभागाबाईनं दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडांना लावले. "घाण्याच्या बैलाला झापड बांधतात बघ. बैलाला वाटतं, मैलोन् मैल चाललो. फिरतो कुठं? त्याच एका घाण्याभोवती. तशी त्या धुराच्या राणीनं कप्तानाच्या डोळ्यावर यंत्राची झापड बसवलेली. गहू खोटा, घर खोटं, आई खोटी. कप्तान राणीच्या तळघरात खुर्चीला जखडलेला!"

बायकांनी राणीला ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून मालक धुरा सोडून निघून गेला. मिराबाई दुपारच्या भाकरीलाही बसली नाही. "त्या भाडखाऊ राणीच्या डोळ्यात माती," एवढंच म्हणत गहू कापत राहिली. चंद्रभागाबाईची पात त्या दिवशी सगळ्यांच्या आधी संपली, आणि तिनं स्वतः चार पेंढ्याही कापल्या नव्हत्या.

उन्हाळ्यात गावातल्या हनुमानाचं लग्न झालं. बायको रागिणी, दहावी पास, परभणीजवळची. आणि आंदणात तिच्याबरोबर टेम्पोतून टीव्ही आला. रंगीत.

नव्या सुनेनं पहिला हंगाम टोळीबरोबर रानात काढायचा, ही घराची रीत. रागिणी पहिल्याच सोमवारी आली, नवी चोळी, हातात कोरं खुरपं. चंद्रभागाबाईनं पाय लांब केला, तंबाखू लावली आणि म्हणाली, "काल जे मी बघितलं, ते सांगावं का न सांगावं..."

"कप्तान बर्फाच्या ग्रहावर गेला," रागिणी खाली बघत, तण उपटत बोलली. "तिथं त्याचा पाय मोडला. मग डॉक्टरीण आली. बरा झाला. बस, एवढंच दाखवलं."

चंद्रभागाबाईच्या दाढेखालची तंबाखू तशीच.

"तुला काय ठावं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"आमच्या घरी टीव्ही हाय ना. बर्फ कसला निळा निळा दिसत होता! तुमी पण या की रविवारी समद्याजणी. सासूबाई काय म्हणत न्हाईत. चहा करीन."

"पर त्याची आई?" मिराबाईनं विचारलं. "आई काय करून राहिली?"

"आई?" रागिणी हसली. "कप्तानाला आई कुठं हाय, मावशी? मालिकेत आईचं कामच न्हाई."

सगळ्या चंद्रभागाबाईकडं बघू लागल्या. तिनं खुरपं जमिनीत घातलं आणि लव्हाळ्याचा एक गड्डा मुळापासून असा ओढला की हळदीचा कोंबही बरोबर आला.

पुढच्या रविवारी गुरुजींच्या उंबऱ्यात ती एकटीच होती. हनुमानाच्या दारासमोर चपलांचा ढीग होता. त्या बाजूनं तिला जायचं नव्हतं, तरी ती त्याच बाजूनं घरी गेली. आतून नर्मदाबाईचं हसू ऐकू आलं. खिडकीवर रंगांचा उजेड हलत होता, लाल, मग निळा, मग पिवळा. ती क्षणभर थांबली. आतून रागिणी ओरडली, "आत्याबाई, या ना आत!" आणि चंद्रभागाबाई म्हणाली, "मला कामं हायेत. रिकामी न्हाई मी."

घरी तिचा नवरा रखमाजी मेंढरांना पाणी पाजत होता.

"काय म्हंतो हनुमानाचा टीव्ही?" त्यानं विचारलं.

"मला काय करायचं तिच्या टीव्हीचं? अंगावर नवी चोळी, घरात नवा डब्बा. वर चहा पाजते बायकांना! इतकी साखर कुठून येऊन राहिली, ते बघा म्हणावं."

"तुला साखरंचा राग हाय का टीव्हीचा?"

"मला कशाचाच राग न्हाई!"

"बरं," रखमाजी म्हणाला, "मग ती बादली सोड. मेंढीचं पाणी सांडून राहिलंय."

सोमवारी तिच्या डाव्या बाजूला मिराबाई होती, पण उजवीकडची जागा मोकळी. बाकीच्या बायका तिकडं रागिणीजवळ, कप्तानाच्या अंगरख्याला सोनेरी किनार आहे का नाही यावर भांडत. मिराबाईनं डावी बाजू उरकली. उजव्या बाजूचं तण तसंच. चंद्रभागाबाई पाय लांब करून फरफटत सरकत राहिली, गुडघ्यात कळ जायची आणि ओळ पुढं पुढं जायची.

"चंद्रे, आवर गं," नर्मदाबाई मागं वळून म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

दुपारी भाकरी सोडल्या. रागिणी सांगत होती, कप्तान आता घराच्या वाटेला लागला, नकाशा सापडला. चंद्रभागाबाई ठेचा लावून भाकर खात होती. खाता खाता अगदी सहज म्हणाली:

"बिचाऱ्याला अजून ठाऊकच न्हाई."

"काय ठाऊक न्हाई?"

"की झापड निघालेली न्हाई."

"निघाली की," रागिणी म्हणाली. "पुढच्याच भागात. डॉक्टरणीनं काढली. मी माहेरी बघितला त्यो भाग."

"ती वरची," चंद्रभागाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "आत दुसरी होती."

चावणं थांबलं सगळ्यांचं.

"राणी का येडी हाय? कैदी पळंल म्हणून तिनं झापडीखाली झापड घातली. वरची निघाली की कप्तानाला वाटावं, सुटलो. बर्फ, मोडका पाय, डॉक्टरीण, नकाशा, समदं आतल्या झापडीतलं. तुमी रविवारी जे बघून राहिल्या, ते कप्तानाला दिसतं तेवढंच. खरा कप्तान तळघरात हाय. टीव्हीत दिसायचा न्हाई तो."

"मग तुला कसं दिसलं?" नर्मदाबाई.

"इशारा होता. गुरुजींकडं बघताना माझ्या ध्यानात आला. हिच्या डब्ब्यावर रंगाच्या नादात कुणाला दिसणार?"

"कोणता इशारा?"

"सांगते." तिनं हात धुतले. "आधी पात लावा."

उजवीकडच्या जागेसाठी त्या दुपारी दोन बायकांचं भांडण झालं.

तिथून पुढं रविवार रागिणीचा आणि सोमवार चंद्रभागाबाईचा झाला. बायका रागिणीकडं चहा पिऊन मालिका बघायच्या, आणि सोमवारी चंद्रभागाबाईला विचारायच्या, "हे झालं खोटं. मग खरं काय झालं?" चंद्रभागाबाई खरं सांगायची. तळघर, ओल, उंदीर, राणीच्या दासीला आलेली दया. गुरुजींच्या घरी जाणंही तिनं सोडलं. आता बघायची गरजच उरली नव्हती. पडद्यावर कप्तान जिंकला की ती म्हणायची, झापड त्याला खूश ठेवून राहिली. हरला की म्हणायची, झापड त्याला घाबरवून राहिली. रागिणीच्या टीव्हीवर जे काही लागेल, ते चंद्रभागाबाईच्या गोष्टीत खोटं म्हणून बसायचं.

रागिणी खाली बघून तण उपटत राहायची. पण एका सोमवारी, हळद कमरेएवढी झालेली असताना, तिनं खुरपं खाली ठेवलं.

"आत्याबाई, एक विचारू? तुमी त्यो झापडीचा भाग गुरुजींकडं बघितला ना?"

"व्हय."

"काळ्या-पांढऱ्यावर."

"मग?"

"मग तुमाला दिसलंच नसंल. त्या खोट्या घरावरचं आभाळ हिरवं होतं. पोपटासारखं हिरवंगार. राणीच्या यंत्रात जे जे दिसतं, त्याचं आभाळ हिरवं असतं. आमाला पहिल्यापासून माहीत होतं, कप्तान घरी न्हाई म्हणून. आमच्या घरची लहान लेकरं पण ओरडत होती, हिरवं हाय, हिरवं हाय! आन आता आभाळ निळं हाय. बर्फाच्या ग्रहापासून निळंच हाय."

चंद्रभागाबाईनं वर बघितलं. आभाळ. गुरुजींच्या टीव्हीत ते करडं होतं, जसं सगळंच करडं. त्या घासाला चव नाही हे कळलं तेव्हा ज्वारीचं सूप तिच्या मांडीवरून सांडलं होतं, आख्खा रविवार ती जेवली नव्हती. आणि इकडं परभणीजवळ कुठंतरी शेंबडी पोरं पहिल्या मिनिटापासून ओरडत होती. हिला सगळं आधीच ठाऊक होतं. बसल्या जागी, फुकट.

"खोटं बोलून राहिली ही," ती म्हणाली.

"मग या रविवारी. शेवटला भाग हाय. तुमीच बघा."

सगळ्या बायका थांबल्या होत्या. नर्मदाबाई म्हणाली, "जा चंद्रे. आन हिरवं नसलं, तर झापडबिपड बंद कर. आपली पात आपण धर."

रविवारी चंद्रभागाबाई हनुमानाच्या घरी गेली. धुतलेलं लुगडं नेसून गेली. रागिणीनं पुढं जागा दिली, चहा दिला. साखर खरंच जास्त होती.

पडदा उजळला आणि चंद्रभागाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. कप्तानाचे डोळे घारे होते. इतके महिने ती काळे सांगत आली होती. अंगरखा विटकरी, किनार सोनेरी. यानाच्या पोटात लाल-पिवळे दिवे लुकलुकत होते. तिनं रागिणीकडं बघितलं. ती पोरगी पडद्याकडं बघतही नव्हती, बशा गोळा करत होती. हे सगळं तिला दर रविवारी दिसत होतं आणि बशा गोळा कराव्या वाटत होत्या!

यान उतरलं. गव्हाचं रान. कप्तान रानातून चालत आला, दार उघडलं, कुणीतरी त्याच्या गळ्यात पडलं. आणि वर आभाळ. निळं. हळदीवर भादव्यात ऊन पडतं तेव्हाचं निळं.

मालिका संपली. मिराबाई रडत होती, तोंडावर पदर घेऊन, पण हसतही होती.

"निळं हाय, आत्याबाई," रागिणी म्हणाली.

सगळ्या चंद्रभागाबाईकडं बघत होत्या. तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. पाय दोन्ही हातांनी धरून लांब केला.

"निळं हाय," ती म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हंते? पर मला एक सांग, पोरी. हिरव्या आभाळापायी राणीची चोरी एकदा पकडली गेली. बरं का? आता दुसरी झापड करताना ती पुन्हा हिरवंच ठेवंल का?"

बायका जवळ सरकल्या.

"ती राणी हाय. चुकली, शिकली. निळं केलं."

रागिणीनं बशा खाली ठेवल्या. तिनं पडद्याकडं बघितलं; तिथं आता साबणाची जाहिरात होती, जाहिरातीतही आभाळ निळं.

"असं... असं पण असू शकतं की," रागिणी हळूच म्हणाली. तिचा चेहरा पडला. "मग कळायचं कसं, आत्याबाई?"

"उद्या सांगते," चंद्रभागाबाई उठली. आज गुडघा दुखतच नव्हता.

दाराशी मिराबाई उभी होती. तिचा पदर ओला होता, हसू गेलं होतं.

"चंद्रे, आला होता ना गं त्यो घरी."

"दिसलं तसं."

"दिसलं तर दिसलं. येऊ द्यायचा की. तुझं काय जाऊन राहिलं होतं?"

चंद्रभागाबाईकडं उत्तर होतं. ते सगळ्या बायकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी उजवीकडच्या जागेवर रागिणी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. कुणाला ढकलायला वावच ठेवला नाही. तिनं चंद्रभागाबाईच्या पातीची उजवी बाजू न सांगता साफ करायला घेतली, आणि आपलीही, भराभर.

"सांगा आत्याबाई. रात्रभर त्येच डोक्यात. आमचे हे म्हणत होते, टीव्ही बंद कर. म्हटलं, बंदच हाय वो, तरी दिसून राहिलं."

डावीकडची जागा मोकळी होती. मिराबाई ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती.

"मिरे," नर्मदाबाईनं हाक मारली, "तुझी जागा इकडं हाय."

"इकडंच बरी हाय."

चंद्रभागाबाईनं गोष्ट सुरू केली. बायका सरकत जवळ आल्या. आवाज चांगला लागला होता. उजवी बाजू आरशासारखी साफ होत होती, डाव्या बाजूला लव्हाळा तसाच उभा. बोलता बोलता तिला डावीकडं वाकावं लागत होतं, आणि वाकलं की गुडघ्यातून कळ निघत होती.

"मिरे!" तिनं मध्येच थांबून ओरडून विचारलं. "पुढं काय झालं, ऐकायचं न्हाई का?"

"काय व्हायचं?" मिराबाईचा आवाज पार टोकाकडून आला. तिनं वरही बघितलं नाही. "आई म्हणाली, आलास? मग जेवला. आन झोपला."

बायका खदखदून हसल्या. मिराबाईही हसली, आपल्याशीच, आणि खुरपं चालवत राहिली. तिची पात सरळ, स्वच्छ, सगळ्यांच्या पुढं गेली होती. चंद्रभागाबाई त्या हसण्याकडं बघत राहिली. त्या बाईच्या घरात टीव्ही नव्हता, नवरा नव्हता, आणि कप्तान मात्र जेवून झोपला होता.

"आत्याबाई," रागिणीनं तिच्या कोपराला हलवलं, "थांबल्या काहून? ती आई खोटी. मग खरी आई कुठं हाय?"

"सांगते," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि डावीकडं वाकून लव्हाळा उपटू लागली.